टाकीवरचे थर

इतिहास शिकवताना राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांतच वर्ष संपून जायचं. वस्तूंचा इतिहास तासाला कधी आलाच नाही, आणि रंगाचा तर नाहीच नाही. पण घरात जी लोखंडी वस्तू पन्नास-साठ वर्षं टिकते, तिच्यावर काळाचा हिशेब आपोआप चढत जातो. ट्रंक घ्या, शिलाई मशिनचं स्टँड घ्या, खिडकीचे गज घ्या. दर पाच-सात वर्षांनी रंगाचा एक हात, कधी घरी उरलेल्या डब्यातला, कधी मुद्दाम आणलेला. आज लिहायला बसलोय ते मोटरसायकल घरी रंगवण्याबद्दल. विषय आडवळणाचा वाटेल, पण मंडळी, थोडं सोबत या.

आमच्या घरात एक जावा आहे. थोरल्या बंधूंची, म्हणजे अण्णांची. १९६७ साली घेतलेली, २५० सीसी. अण्णा साखर कारखान्यात शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी घेत गावोगाव फिरायचं, पाणंदीतून, ओढ्यातून, चिखलातून. त्या कामाला सायकल पुरेना म्हणून ही गाडी आली. किक आणि गिअरचा दांडा एकच, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, आणि आवाज असा की वेशीपाशी आली की घरात चहाचं आधण ठेवायचे.

जावा हे नाव कुठून आलं हे मला फार उशिरा कळलं. १९२९ साली प्राग शहरात यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मन 'वाँडरर' कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा', झाली जावा. बेटाशी काही संबंध नाही. पुढे १९६०-६१ च्या सुमारास रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. १९७३ च्या सुमारास तीच गाडी 'येझदी' झाली. इराणातलं यझ्द हे गाव, तिथलं ते नाव. म्हणजे चेक लोकांची गाडी, जर्मन अर्धं नाव, पारशी-इराणी मालक, कन्नड कामगार, आणि चालवणारे आमचे अण्णा कोल्हापूरचे! १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा नावाने नव्या गाड्या पुन्हा निघू लागल्या आहेत, पण त्या वेगळ्या.

आमची गाडी आली तेव्हा गडद लाल होती. टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचा चमकता पट्टा आणि त्याच्या कडेने बारीक सोनेरी रेघ. मी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्गात होतो. त्या क्रोममध्ये तोंड बघून भांग पाडायचो.

अण्णा गेल्यावर गाडी सोप्यात पोतं पांघरून उभी होती. यंदा अण्णांचा नातू पुण्याहून आला आणि म्हणाला, "आजोबा, मी ही घरीच रिस्टोअर करणार. ओरिजनल कलरमध्ये." हल्ली ही एक हौस निघाली आहे, आणि वाईट नाही. टाकी उतरवून त्याने झाकणाच्या कडेला थोडं खरवडलं आणि मला हाक मारली. आत थर दिसत होते. वर निळा, त्याखाली काळा, त्याखाली विटकरी, मग लाल, आणि मग पत्रा.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं होतं, सांकलिया आणि दीक्षित यांनी. सातवाहन काळापर्यंतचे थर निघाले. रोमन समुद्रदेवतेची, पोसायडनची, काशाची छोटी मूर्तीही याच टेकडीत सापडली. शाळेची सहल नेली की मी मुलांना सांगायचो, वरचा थर आधी निघतो पण तो शेवटी बनलेला असतो. सगळ्यात सोपी गोष्ट, आणि मुलं तिथेच गोंधळायची. टाकीची ती कड बघताना मला तेच आठवलं. मग म्हटलं, आपण वरून खाली जाऊ.

निळा थर १९८६ चा. पुतण्या कॉलेजला जायला लागला होता. रस्त्यावर हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० अशा जपानी हाताच्या हलक्या, रंगीत गाड्या नुकत्याच आल्या होत्या आणि त्याला काळ्या जावावर बसायची लाज वाटत होती. हा रंग घरी नाही दिला. शिवाजी उद्यमनगरात नेऊन कंप्रेसरवर मारून आणला. त्याला सगळे 'ड्युको' म्हणायचे, अजूनही म्हणतात. ड्युको म्हणजे स्प्रेने मारलेला रंग, अशीच समजूत आहे. खरं तर ते अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या एका रंगाचं नाव. आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

मोटारी आल्या तेव्हा त्या बग्ग्यांसारख्याच रंगवत. जवसाच्या तेलातला रंग, वर व्हार्निश, प्रत्येक हात वाळायला दिवस, घासायचं, पुन्हा हात. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या मिळत हे आपण ऐकलेलं असतं. काळा लवकर वाळतो म्हणून, असं कारण सांगतात. मला तो स्वस्त आणि टिकाऊ होता हे कारण जास्त पटतं. हा काळा म्हणजे डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजायचा रंग, 'जपान ब्लॅक'. जपानी लाखकामाची नक्कल म्हणून युरोपात हे नाव पडलं. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात 'ब्लॅक जपान'चे डबे मिळायचे, ट्रंका आणि गजांना लावायला, त्याचं हे मूळ.

पहिल्या महायुद्धात ड्युपाँटने गनकॉटन, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, प्रचंड प्रमाणात बनवलं होतं. युद्ध संपलं, स्फोटकांची गरज संपली. त्याच पदार्थापासून त्यांनी झटपट वाळणारा लॅकर काढला, तो ड्युको. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम मारला गेला, आणि रंग होता निळा! आठवड्यांचं काम तासांवर आलं. तेव्हापासून मोटारींना रंग मिळाले. बंदुकीच्या दारूचा हा सभ्य भाऊ. सिनेमाची जुनी फिल्मही याच कुळातली, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली अशाच फिल्मवर निघाला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जळाल्या त्या याच नायट्रेटच्या जुन्या फिल्म.

ज्या गनने तो रंग मारतात तिची कथा तर आणखी गमतीची. अमेरिकेत टोलेडो गावी डीव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध फवारायला त्यांनी रबरी फुगा दाबायचं यंत्र केलं. त्यांच्या मुलाने त्यातूनच १९०७ च्या सुमारास रंगाची स्प्रे गन तयार केली. घशाचं औषध ते मडगार्ड! आणि पेंटर लोक जो कागदी चिकटपट्टीचा रोल वापरतात, ती मास्किंग टेप. अमेरिकेत दोन रंगी मोटारींची फॅशन आली तेव्हा पेंटर लोक वर्तमानपत्र डिंकाने चिकटवायचे आणि काढताना ताजा रंग उपटून निघायचा. थ्री एम कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण घासायचे कागद घेऊन गॅरेजमध्ये जात असे. पेंटरचा वैताग त्याने पाहिला आणि १९२५ मध्ये ही पट्टी काढली. तो जो कागद घेऊन गेला होता तो वॉटर पेपर, पाण्यात भिजवून घासायचा, तोही त्याच कंपनीने १९२१ मध्ये आणलेला. मोठ्या संशोधकांचे धडे आपण पाठ करून घेतले, पण या माणसांवर कुणी दोन मार्कांचाही प्रश्न घातला नाही. असो.

आता काळा थर. हा १९७६ च्या मे महिन्यातला, आणि हा आमच्या घरी, परसात, अण्णांनी स्वतः दिलेला. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो आणि सुट्टीत घरी होतो. माझं काम डबा धरायचं आणि माश्या हाकायच्या.

मेच का, तर त्यामागे कारखाना होता. गळीत हंगाम चालू असला की चिमणीतून बगॅसची काजळी उडत येते आणि वाळत घातलेल्या धोतरावरसुद्धा बसते. ओल्या रंगावर बसली तर विचारायलाच नको. हंगाम संपल्यानंतर आणि वळीव यायच्या आधी, एवढीच फट असायची. टाकी उतरवून पेट्रोल काढलं, तोंडाला चिंधीचा बोळा कोंबला. रॉकेलने सगळं पुसलं. काचपेपरने दोन दिवस घासलं. मग अस्तर, रेड ऑक्साइडचं. खड्ड्यांत लांबी भरली, वाळली, पुन्हा घासली. परसात पाण्याचा सडा मारला, धूळ बसावी म्हणून. टाकी तारेने आंब्याच्या फांदीला टांगली आणि काळ्या इनॅमलचे दोन हात दिले, ब्रशने. एक हात दिला की अण्णा मागे होऊन डोळे बारीक करून बघायचे, ओघळ कुठे आला का. दुपारचं ऊन उतरल्यावरच ब्रश उचलायचा हा त्यांचा नियम, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग ओढला जात नाही. त्या काळ्या थरात अजून एक मुंगी आहे, टाकीच्या बुडाशी. नातवाने भिंगातून दाखवली.

अस्तराचा तो विटकरी रंग म्हणजे तरी काय? रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे आपला गेरूच की! तुळशीवृंदावनाला जो पोतारतात तोच, फक्त पाण्याऐवजी रेझिनमध्ये कालवलेला. आणि त्याहून जुनं, भारी अस्तर म्हणजे रेड लेड, शिशाचं ऑक्साइड. पुलांच्या लोखंडाला ते देत असत. तो म्हणजे मारुतीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर. गंज न धरण्याचा गुण त्यात आहे, आणि विषही आहे. म्हणून नातू ग्राइंडरला घासायचं चाक लावून सुरू करणार होता ते मी थांबवलं. जुन्या रंगांत शिसं असायचं, अस्तरात, पिवळ्या-लाल रंगद्रव्यांत, लवकर वाळावा म्हणून घातलेल्या द्रव्यांतसुद्धा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हा तुमच्यापैकी कुणी घरी जुनी गाडी खरवडणार असाल तर कोरडी घासू नका. पाणी लावून घासा, तोंडाला नीट मास्क बांधा, लहान मुलांना लांब ठेवा आणि तो राडा अंगणात ओतू नका.

घरी रंगवणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. बेंदराला बैलांची शिंगं साळून हिंगूळ लावायचा, ते दर वर्षीचं रंगकामच होतं. पुढे हिंगुळाच्या जागी ऑइलपेंट आला. अण्णांचा उरलेला काळा रंग मात्र बैलांच्या शिंगांना नाही गेला, तो पाणी तापवायच्या बंबाच्या स्टँडला गेला.

रंग देशात बनू लागले म्हणूनही हे शक्य झालं. मुंबईत लोअर परळला १९२० साली 'गहागन पेंट्स' निघाली, तीच पुढे १९५७ मध्ये गुडलास नेरोलॅक झाली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंग येणं बंद झालं तेव्हा, १९४२ साली, गिरगावात गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांना तो ब्रश धरलेला खट्याळ गट्टू काढून दिला. खेड्यातल्या दुकानातही छोटा डबा मिळू लागला. एक पावशेराचा डबा असला की टाकी आणि दोन मडगार्ड व्हायचे.

ऑलिव्ह ग्रीन मात्र कुणी देऊ नये. लष्कराखेरीज इतरांनी गाडीला तो रंग द्यायला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंदी आहे. आणि कुठलाही वेगळा रंग दिला तर आरसी बुकात नोंद बदलून घ्यावी लागते. अण्णांनी ती कधी बदलून घेतली नाही. त्यामुळे आमची गाडी रस्त्यावर दहा वर्षं काळी आणि पुढे निळी धावली, पण कागदावर कायम लालच राहिली.

नातवाचा मुद्दा असा, की ओरिजनल म्हणजे म्हैसूरचा लाल. माझा मुद्दा असा, की लाल होती नऊ वर्षं, काळी दहा, निळी चाळीसच्या आसपास. मग ओरिजनल कुठली? कारखान्याने दिलेला रंग खरा आणि घरच्या माणसाने घाम गाळून दिलेला खोटा, हे मला पटेना. कोपेश्वराच्या देवळातला एखादा नंतर बसवलेला दगड आपण काढून टाकतो का? त्यावर तो म्हणाला, "आजोबा, देऊळ कोणी चालवत नाही." उत्तर चोख होतं. दोन दिवस आमचं हेच चाललं होतं, जेवताना, चहा घेताना. वहिनी ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती काळी का केली ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "गंज धरला होता ना वहिनी. टाकीला पोपडे आले होते."

"पोपडे दुसऱ्या वर्षीच आले होते. मामंजींना त्या गाडीवरून मिरजेला नेलं होतं ह्यांनी. रात्रीची एसटी नव्हती. मध्ये मामंजी, मागे मी धरून बसलेले. परत आलो तेव्हा आम्ही दोघंच. त्यानंतर गाडी दारात उभी दिसली की ह्यांना ती रात्र आठवायची. विकायची तर नोकरी कशी करणार? मग म्हणाले, रंग तरी बदलू."

वडील १९७६ च्या फेब्रुवारीत गेले. मी तेव्हा परगावी होतो, तार मिळाली. अण्णांनी त्या रात्रीबद्दल पन्नास वर्षांत मला एक शब्द सांगितला नाही. दोन दिवस शेजारी बसून मी रंगाचा डबा धरला होता, तेव्हाही नाही. त्या वेळी फक्त एवढं म्हणाले होते, की काळ्यावर चिखल कमी दिसतो.

नातू गप्प झाला. मीही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मग काळाच देऊ का, आजी?"

वहिनी म्हणाल्या, "लाल दे. मी त्या लाल गाडीवर बसून इथे आले. त्यांना नको होती, मला हवी आहे. आणि कागदावर लालच आहे म्हणताय ना?"

तेव्हा लाल. गेले तीन आठवडे काम चालू आहे. आता रंग डब्यांत कोंडलेला मिळतो, बटण दाबलं की फवारा. तीही कल्पना एका गृहिणीची. १९४९ साली अमेरिकेत एड सेमूर नावाच्या रंगवाल्याला त्याच्या बायकोने, बॉनीने, सुचवलं, की रंगही फवाऱ्याच्या डब्यात भरून का बघत नाहीस. छोटे भाग या डब्यांनी घरीच झाले. परसात नव्हे, गच्चीवर प्लास्टिकचा तंबू करून. पावसाची हवा असेल तर काम बंद, कारण लॅकरवर दमटपणाचा पांढुरका ढग येतो.

टाकीचा शेवटचा चकचकीत हात मात्र घरी द्यायचा नाही, हे मी आणि वहिनींनी मिळून सांगितलं. साध्या डब्यातल्या रंगावर पेट्रोल सांडलं की तो विरघळून चिकट होतो. पेट्रोलला टिकेल असा रंग दोन भागांचा, त्यात हार्डनर असतो, आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट. हे नाव आपण १९८४ साली भोपाळच्या वेळी ऐकलं. तो वायू वेगळा आणि कितीतरी जहाल, पण कूळ तेच. याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडतो, आणि साध्या मास्कने तो अडत नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. म्हणून टाकी उद्यमनगरात बूथ असलेल्या पेंटरकडे गेली आणि परवा आली.

टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू नातवाने तशीच ठेवली आहे. तिथे निळा, काळा, गेरू आणि जुना लाल असे चारही रंग पायरीसारखे घासून उघडे केले आहेत, माझ्यासाठी. वर क्लिअरचा हात दिलाय. हे त्याचं त्यानेच ठरवलं.

आता राहिली सोनेरी रेघ. नातू स्टिकर आणणार होता. पण पूर्वी नंबर प्लेटा रंगवणारे एक पेंटर जुन्या ओळखीतले निघाले. आधी रेडियमच्या अक्षरांनी त्यांचं काम गेलं, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी नंबर प्लेट आल्यावर उरलंसुरलंही. खारीच्या केसांचा लांब ब्रश त्यांनी अजून तेलात जपून ठेवला आहे. येऊन टाकी बघून गेले, बोटाने क्रोमची कड चाचपली, आणि म्हणाले, रंग अजून कच्चा आहे, आठ दिवस हात लावू नका, येत्या गुरुवारी सकाळी येतो. ऊन चढायच्या आधी.